टेकडीवर ८०० फ्लॅटची स्कीम येतेय, कागदात नेमकं काय तपासायचं?

सोनकी:
नमस्कार मंडळी. मी मुळशी तालुक्यात राहते, पुण्याच्या अगदी कडेला. आमच्या सोसायटीच्या मागे टेकडी आहे आणि तिच्यावर साधारण २५ एकरात ८०० फ्लॅटची स्कीम येणार असं वर्षभर नुसतं कानावर होतं, मागच्या आठवड्यात केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्जच सापडला. ६४ पानांची पीडीएफ आहे, दोन रात्री जागून वाचली आणि खरं सांगते, वाचल्यावर जास्तच गोंधळले. त्यात लिहिलंय जागा पडीक असून तुरळक झुडपं आहेत, झाडं ४१, जागेत कुठलाही जलस्रोत नाही, सरासरी उतार १:६, पावसाचं पाणी जवळच्या नाल्यात सोडण्यात येईल. आणि सगळे फोटो एप्रिलमधले, पिवळं पडलेलं गवत नि उघडे दगड.

मी दहा वर्षं रोज सकाळी तिथे चालायला जाते हो. ऑगस्टमध्ये पाऊल कुठे ठेवायचं असा प्रश्न पडतो इतकी फुलं असतात, वरच्या अंगाला एक झरा आहे तो दिवाळीनंतरही वाहत असतो, तरी कागदावर जलस्रोत नाही हे कसं काय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर निम्म्या लोकांचं म्हणणं की झाली स्कीम तर आपल्याही फ्लॅटचे रेट वाढतील, बाकीचे म्हणाले मंजुरी देणारे तज्ज्ञ असतात ते बघतील.

मला विरोधासाठी विरोध करायचा नाहीये, लोकांना घरं लागतात हे मलाही कळतं. पण परिणाम तपासायचा म्हणजे नक्की काय काय तपासायचं, आणि माझ्यासारख्या कॉमर्सवाल्या बाईला त्यातलं काय तपासता येईल? जाणकारांनी प्लीज सांगा, पाऊस तोंडावर आलाय.

पाटकरी_काका:
सोनकीताई, मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून पाण्याचं आणि उताराचं तेवढं सांगतो, झाडाफुलांचं दुसरं कुणी सांगेल.

आधी तो १:६ बघा. सरासरी उतार ही टेकडीच्या बाबतीत सगळ्यात फसवी गोष्ट. नियम काय, तर १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही, म्हणजे ५ मीटर आडवं चाललं की १ मीटर चढ, अंशात साधारण ११. आता समजा जागा खालून वर ३०० मीटर लांब आहे आणि एकूण चढ ५० मीटर, तर सरासरी १:६ आली, पास. पण त्यातले खालचे १८० मीटर जवळजवळ सपाट, तिथे चढ फक्त १५ मीटर, आणि वरच्या १२० मीटरमध्ये उरलेला ३५ मीटरचा चढ, तर वरचा उतार झाला १:३.४, तिथे एक वीटही रचता येत नाही. म्हणून सरासरी मागायचीच नाही, कंटूर प्लॅन, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा मागायचा आणि प्रत्येक बिल्डिंगच्या खाली उतार किती ते विचारायचं. तो प्लॅन कधीचा तेही बघा, कारण काही ठिकाणी आधी पोकलेन फिरवतात आणि मग सर्व्हे करतात.

यावर घरबसल्या करण्यासारखा एक उपाय आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर १:५०,००० चा नकाशा फुकट मिळतो, त्यावर २० मीटरच्या अंतराने कंटूर असतात. त्या स्केलवर दोन कंटूरमध्ये २ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर तिथला उतार १:५ पेक्षा तीव्र. पट्टी लावून मुलंसुद्धा मोजतील. नकाशा ढोबळ आहे, त्यावर केस जिंकता येत नाही, पण प्रश्न कुठे विचारायचा ते कळतं.

दुसरं म्हणजे कटिंग. १:५ उतारावर ४० मीटर रुंदीचा ओटा काढायचा तर मागे ८ मीटर उंचीचा उभा काप येतो, अडीच मजले. असा ओटा १०० मीटर लांब असेल तर १६ हजार घनमीटर मुरूम नि दगड निघाला, ब्रासमध्ये ५,६०० च्या वर. तुमच्या पीडीएफमध्ये हा माल कुठे जाणार लिहिलंय का बघा. तो बहुतेक वेळा शेजारच्या ओहोळात ढकलला जातो. ६ जून २०१३ ला कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीत हेच झालेलं, डोंगर फोडलेला, नाला बुजलेला, वळवाचा एक जोरदार पाऊस आला आणि पाणी सरळ हायवेवर, एक आई आणि तिची लहानगी वाहून गेली. जूनचा पहिला आठवडा होता, पावसाळा धड सुरूही झाला नव्हता.

तिसरं, वाहून येणारं पाणी. गवताळ उतारावर पडलेल्या पावसातलं साधारण ३५ टक्के वाहतं असं धरतात, छपरं, रस्ते, पार्किंग झालं की तेच ७५ टक्के धरा. २५ एकर म्हणजे १० हेक्टर, पाऊस तासाला ६० मिलिमीटर, तर आज खाली येतात सेकंदाला ५८० लिटर आणि स्कीम झाल्यावर १,२५०, दुपटीच्याही वर, आणि येतात पण लवकर कारण गवत नि दगड अडवायला राहत नाहीत. त्या 'जवळच्या नाल्याची' वहनक्षमता किती हे अर्जात नसेल तर पहिला आक्षेप तिथेच घ्या.

आणि भिंती! ६ मीटर उंच रिटेनिंग वॉलच्या मागे पाणी पूर्ण साचलं तर धावत्या मीटरला १८ टनाच्या आसपास दाब नुसत्या पाण्याचा येतो, मातीचा वेगळा. २९ जून २०१९ ला कोंढव्यात मध्यरात्रीनंतर मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडली, १५ जणं गेली, त्यात पोरं होती, तीनच दिवसांनी आंबेगावात आणखी ६. भिंतीला पाणी निघायची भोकं किती, मागे दगडगोट्यांचा फिल्टर आहे का, हे विचारा. आणि हेही बघा की रेन वॉटर हार्वेस्टिंगचे खड्डे कुठे दाखवलेत, कारण ते भिंतीच्या वरच्या अंगाला असतील तर आपणच भिंतीमागे पाणी भरतोय.

रानवाट:
काकांनी पाण्याचं इतकं नीट लिहिलंय की मी फक्त 'पडीक' या शब्दाबद्दल बोलते, तो शब्द वाचला की पोटात तुटतं.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्या मुळात गवताळ आहेत, मधेमधे साळई, मोई, धावडा, पांगारा, काटेसावर. यातली बरीच झाडं एप्रिलमध्ये निष्पर्ण असतात आणि गवत वाळलेलं असतं, त्यामुळे ज्याला माहीत नाही त्याला सगळं मेलेलं दिसतं. पण जमिनीखाली कंद तेव्हा जिवंत असतात, रानहळद, मुसळी, कंदीलपुष्पं, आमरी, पहिल्या दोन पावसांत वर येतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत फुलून, बी धरून परत गडप. ४१ झाडं मोजली कारण कायदा झाडं मोजायला सांगतो, कंद मोजा असं कुणी सांगत नाही, गवत मोजा असंही नाही. बदल्यात झाडं लावू म्हणतात, ती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, दोन-तीन फूट मातीत लावलेली शोभेची झाडं असतात, त्यांच्याखाली रातवा अंडी घालत नाही हो. रातवा, तितर, चंडोल सगळे उघड्या जमिनीवर नाहीतर गवताच्या बुडाशी घरटं करतात, आणि ज्या महिन्यांत पोकलेन चालतं तेच त्यांचे दिवस.

मोठ्या प्रकल्पांत रीतसर अहवाल होतो तिथेही एका ऋतूची माहिती पुरते आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. हवा, धूळ मोजायला ते ठीक असेल, पण टेकडीचं खरं रूप जे चार महिने दिसतं तेच कागदाबाहेर राहतं. म्हणून ताई तुम्ही रोज जाताच ना, तर जूनपासून दर आठवड्याला एकाच वाटेने जा, ठरावीक दहा जागा पकडा, प्रत्येक ठिकाणी फोटो काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकत जा. नाव माहीत नसलं तरी टाका, ओळखणारे ओळखून देतात. तारीख आणि जागा असलेल्या दोनशे नोंदी झाल्या की 'तुरळक झुडपं' म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. झऱ्याचा फोटो तर दर आठवड्याला, बाटली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा.

वरच्या_वाडीचा:
मी त्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाचा. तुमी कुठली टेकडी म्हणताय ते वळखलं, नाव घेत नाय. ताई राग मानू नका पण एक बोलतो. तुमची सोसायटी जितं हाय तितं आमच्या आज्याचं भाताचं खाचर व्हतं आणि वरल्या ओढ्याचं पानी खाचरात यायचं. तुमची बिल्डिंग झाली तवा तो ओढा पायपात घातला, गेटच्या रस्त्याखालून जातो तोच. तवा कुनी आमाला इचारलं नाय आनि फोटोबी काढलं नाय. आता वरच्या अंगाला बांधायला लागले तवा टेकडी आठवली, असं आमच्या वाडीत बोलत्यात. मी तसं म्हनत नाय पन बोलत्यात.

आनि जमीन इकली ती आमच्याच भावकीनं. माझ्या चुलतभावाला दोन पोरी हायेत, एकीचं शिक्षान, एकीचं लगीन, वरकस जमिनीत वरई नि नाचनी करून काय भागतंय? त्याला मी दोष देनार नाय.

पन झऱ्याचं सांगतो. तो झरा काळ्या पत्थराच्या डोक्यावर फुटतो, वर मुरूम हाय आनि मधी तांबड्या मातीचा पट्टा. वरचा मुरूम काढला की झरा गेला, ह्यात शिकायचं काय नाय, पलीकडच्या डोंगराला रस्त्यासाठी खोदलं तवा तितली झिरी दुसऱ्या सालीच आटली. आमच्या वाडीची हीर त्याच पान्यावर हाय. फेब्रुवारीपर्यंत पुरती, मंग टँकर. झरा गेला तर दिवाळीलाच टँकर. हे तुमच्या पीडीएफात कुटं हाय? वाडीचं नावच नाय त्यात, मी पोराकडून वाचून घेतलं. नकाशात वाडीच्या जागी हिरवा रंग दिलाय.

गाव नकाशा काढा भूमी अभिलेखातून. त्यात ओढा दावलाय, दोन रेघांचा, त्याला गट नंबर नाय कारन तो सरकारचा. जलस्रोत नाय म्हनत्यात त्येला ह्यो कागद दावा.

पाटकरी_काका:
वाडीच्या दादांनी जे सांगितलं ते भूजलाचं पुस्तक आहे. बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पत्थराचे, थर एकावर एक बसलेले, कठीण पाषाणातून पाणी खाली जात नाही, वरच्या सच्छिद्र नि झिजलेल्या थरात मुरतं आणि जिथे थर बदलतो तिथे आडवं सरकत बाहेर येतं, तोच झरा. म्हणजे झरा दिसतो एका जागी पण त्याचं घर वरचा सगळा उतार असतो. झऱ्याभोवती कुंपण घालून 'जतन केला' म्हणतील, त्याने काही वाचत नाही. पुण्यात अ‍ॅक्वाडॅम ही संस्था बरीच वर्षं हेच काम करते, त्यांचं लिखाण वाचा, समजायला सोपं आहे.

आणि ताई, त्या गेटखालच्या पाइपचा व्यास मोजाल का? ते महत्त्वाचं आहे.

कागद_वाचणारा:
आमच्या भागात अशाच एका स्कीमसाठी तीन वर्षं कागद हलवले, त्या अनुभवातून लिहितो, मी वकील नाही.

तुमची स्कीम ८०० फ्लॅटची म्हणजे बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर आणि बहुतेक दीड लाखाच्या आत बसेल. पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत ते ८(अ) या प्रकारात येतं. यात पूर्ण पर्यावरण आघात अहवाल लागतच नाही, अर्ज आणि कन्सेप्चुअल प्लॅनवर राज्याची तज्ज्ञ समिती छाननी करते आणि मग राज्य प्राधिकरण मंजुरी देतं. जनसुनावणीही नाही, बांधकाम प्रकल्पांना त्यातून सूट आहे. त्यामुळे कुणीतरी बोलावेल मग बोलू म्हणून थांबू नका, कुणी बोलावणार नाही. समितीच्या बैठकीचा अजेंडा पोर्टलवर येतो, त्याच्या आत तुमचं निवेदन पोचलं पाहिजे, मेलने आणि हार्ड कॉपी पोच घेऊन. भावनेवर पान घालवू नका, 'अर्जाच्या अमुक पानावर जलस्रोत नाही लिहिलंय, सोबत गाव नकाशा नि झऱ्याचे तारखेचे फोटो' असं मुद्द्याला पुरावा चिकटवून द्या. शक्य झालं तर 'समितीने पावसाळ्यात जागेला भेट द्यावी' अशी स्पष्ट मागणी करा, आमच्या निवेदनात ती नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

शेजारच्या गटात त्याच मालकाची दुसरी स्कीम आहे का तेही बघा, तुकडे करून मर्यादेच्या खाली राहायचा प्रकार होतो.

मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे एक दिवसही नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, नुकसानभरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये. आम्ही पहिल्यांदा हे ३० दिवस नुसत्या मीटिंगा घेण्यात घालवले.

आणि मंजुरीच्या आधीच खोदकाम सुरू झालं तर दुसरी वाट पकडायची, गौण खनिजाची. मुरूम काढायला महसूल खात्याची परवानगी नि रॉयल्टी लागते, विनापरवाना काढला तर महसूल कायद्याच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. पोकलेन दिसलं की त्याच दिवशी फोटो, लेखी तक्रार, आणि पंचनाम्याची मागणी. पर्यावरणाची तक्रार महिने पडून राहते, पण सरकारची रॉयल्टी बुडते म्हटलं की माणूस जागेवर येतो, निदान आमच्याकडे आला.

एक विसरलोच, 'बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) लागू आहे' असं निवेदनात घालू नका. तो महापालिकेत आलेल्या २३ गावांपुरता विषय आहे, तुमची जागा पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर तुमचा मुद्दा डोंगरमाथा-डोंगरउतार झोन आणि १:५ हाच. एक मुद्दा चुकला की बाकीचेही कुणी वाचत नाही.

नवा_मेंबर२७:
माळीणचं उदाहरण द्या ना, दरड कोसळून १५१ माणसं गेली, मग ऐकतील.

पाटकरी_काका:
नको. माळीण, इर्शाळवाडी ही दुःखं मोठी आहेत, पण तिथला उतार, तिथली मातीची जाडी, तिथला पाऊस वेगळा. इर्शाळवाडीवर तर कुणी टॉवर बांधत नव्हतं. या टेकडीचा धोका म्हणजे लोंढा, उभा काप आणि आटणारं पाणी, तो स्वतःच पुरेसा आहे. समितीतला भूगर्भवाला माळीण ऐकून म्हणेल इथे तसं होणार नाही, आणि त्या वाक्यावर विषय संपेल.

सोनकी:
सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून ठेवलंय. चार दिवस उत्तर देता आलं नाही कारण सांगितलेली कामं करत होते.

आधी वाडीच्या दादांना. तुम्ही म्हणालात ते खरं आहे आणि ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. फ्लॅट घेताना मी किचनच्या टाइल्स बघितल्या, ओढा कुठे गेला हे विचारलं नाही. आता निवेदनात वाडीचं नाव आणि विहीर पहिल्या पानावर घेते, पण तुमच्या वतीने मी लिहिणं बरं नाही, वाडीतल्या लोकांनीच काय ते सांगावं आणि सह्या त्यांच्या असाव्यात असं वाटतं.

काका, पाइप मोजला. वॉचमनला टॉर्च धरायला सांगितलं, आतून आतून ६०० मिलिमीटर. तळाला गाळ आहे, साधारण वीतभर.

नकाशा पण उतरवला, मुलाने पट्टी लावली, वरच्या निम्म्या भागात दोन कंटूरमधलं अंतर एक ते दीड मिलिमीटरच भरतंय आणि अर्जातले शेवटचे तीन टॉवर तिथेच आहेत!

पाण्याचंही एक बघितलं. ८०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, रोज ५ लाख ४० हजार लिटर, म्हणजे १० हजारी टँकर ५४. अर्जात टँकरच्या पाण्याचा स्रोत या रकान्यात 'स्थानिक पुरवठादार' एवढंच आहे. आमच्याकडे आत्ताच मे महिन्यात टँकरसाठी दोन-दोन दिवस थांबतो.

पाटकरी_काका:
६०० चा पाइप, १०० मीटरला १ मीटर उतार धरला आणि स्वच्छ असला तर सेकंदाला ६०० लिटरच्या आसपास नेतो. म्हणजे आत्ताचं त्या २५ एकरांचं पाणीच जेमतेम जातंय, आणि टेकडीचा उरलेला भाग आपण धरलाच नाही. वर वीतभर गाळ. १,२५० आलं तर उरलेलं सगळं तुमच्या गेटवरून पार्किंगमध्ये. हे गणित एका पानावर मांडून देतो, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला वाचून दाखवा, रेट वाढतील म्हणणाऱ्यांची गाडी कुठल्या मजल्यावर लागते तेवढं विचारा. गाळ मात्र आत्ताच काढून घ्या, स्कीम होवो न होवो.

कागद_वाचणारा:
पाइपचा फोटो टेप लावून काढा, आकडा दिसेल असा.

वरच्या_वाडीचा:
ताई वाचलं. बरं वाटलं. वाडीत बोललो, सह्या देत्यात, म्हाताऱ्या मानसांचे अंगठे चालतील ना? चुलतभाऊ पन येतो म्हनला, सही करनार नाय पन झरा कुटपर्यंत पाझरतो ते त्येला माज्यापेक्षा जास्त ठावं हाय.

काल सांच्याला पाऊस झाला, झऱ्याला वल आलीय. रविवारी सातला देवळापाशी या, बाटली नि घड्याळ आना. चप्पल घालून येऊ नका, वरच्या बांधाला निसरडं झालंय.